वेबकॅमचं ॲप उघडतं, चार सेकंद चालतं आणि गायब होतं

मधली_सुट्टी | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी कवितांच्या गल्लीत असते, तंत्रज्ञानाच्या विभागात पहिल्यांदाच पाऊल टाकतेय. सांभाळून घ्या.

मी गणित शिकवते. टेबलावर वही, वहीच्या बरोबर वर स्टँडला टांगलेला यूएसबी वेबकॅम, आणि मी गणितं सोडवत असताना त्याचं रेकॉर्डिंग, असा दीड वर्षाचा सुरळीत संसार होता. रेकॉर्डिंग कॅमेऱ्याबरोबर आलेल्या ॲपमधूनच करते, कारण त्यात चित्र उलटं फिरवता येतं आणि फोकस एका जागी बांधून ठेवता येतो. नाहीतर माझा हात मध्ये आला की कॅमेरा हाताकडे बघत बसतो आणि वही धूसर होते. डेस्कटॉप आहे, विंडोज ११.

गेल्या आठवड्यापासून ॲप उघडलं की कॅमेऱ्याचा दिवा लागतो, वही दिसते आणि तीन-चार सेकंदांत अख्खी खिडकी नाहीशी. ना काही संदेश, ना आवाज. दिवाही विझतो. जणू मी ॲप उघडलंच नव्हतं.

करून झालेले उपाय: कॉम्प्युटर रीस्टार्ट, ॲप काढून परत टाकणं (तीनदा), विंडोजचे सगळे अपडेट. ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल केला तर हाच कॅमेरा तासभर निमूट चालतो. म्हणजे कॅमेरा मेलेला नाही. मग काय मेलंय?

---

किंचित | सोमवार, रात्री ९:१४

बंद करून परत चालू करून पाहिलंत का?

---

मधली_सुट्टी | सोमवार, रात्री ९:१६

किंचित, ते ॲप स्वतःच करतंय. बंद होण्याचा भाग तरी.

---

वायरमन | सोमवार, रात्री ९:३१

ताई, पहिला प्रश्न: कॅमेरा डब्याच्या पुढच्या पोर्टला लावलाय की मागच्या? पुढचे पोर्ट मदरबोर्डवर नसतात, आतून एक वायर ओढून पुढे आणलेले असतात. ती वायर हलकी असली किंवा नीट बसलेली नसली की सगळी गंमत तिथेच होते. मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात.

दुसरं, स्टँडला टांगलाय म्हणजे एक्स्टेन्शन वायर असणारच. यूएसबी २ च्या केबलची मर्यादा ५ मीटर. त्यात जोड आले की अजून कमी धरा. आणि मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं उपकरण) असेल, तर त्या हबवर कीबोर्ड, माऊस, पेन ड्राइव्ह असा सगळा गोतावळा एकाच नळावर पाणी भरतोय.

सॉफ्टवेअरवाले येऊन काहीही सांगतील. दहातल्या आठ वेळा दोष वायरीचा असतो.

---

पेंग्विनपंथी | सोमवार, रात्री ९:४०

विंडोज काढा, लिनक्स टाका. विषय संपला.

---

मूषकराज | सोमवार, रात्री ९:५५

आलेच पंथी. पाचवा प्रतिसाद यायच्या आत. :)

रुमाल टाकून ठेवतो, जरा वेळाने सविस्तर लिहितो.

---

आजीचा_चष्मा | सोमवार, रात्री १०:०२

मी मागे दोन तास कॅमेरा दुरुस्त करत होतो. ड्रायव्हर काढला, घातला, वायर बदलली. शेवटी बायकोने येऊन भिंगावरचा कागदी स्टिकर काढला. मीच लावला होता, सुरक्षेसाठी.

ताई, तुमचं वेगळं आहे हे कळतंय, पण सांगावंसं वाटलं.

---

चौकस | सोमवार, रात्री १०:२०

मला हा परवानगीचा घोळ वाटतोय. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात कॅमेरा. तिथे वरच्या बटणांखेरीज अगदी खाली एक वेगळं बटण असतं, डेस्कटॉप ॲप्सना कॅमेरा वापरू द्यायचा की नाही याचं. वरचं चालू आणि खालचं बंद, अशी अवस्था अनेकांची असते. कंपनीचं ॲप डेस्कटॉप प्रकारातलं असेल तर ते या खालच्या बटणाच्या अखत्यारीत येतं.

शिवाय ॲन्टिव्हायरस. हल्ली बऱ्याच ॲन्टिव्हायरसमध्ये वेबकॅम-संरक्षण नावाचा द्वारपाल असतो. ब्राउझर ओळखीचा म्हणून सोडतो, अनोळखी ॲपला दारातच हाकलतो.

---

मूषकराज | सोमवार, रात्री १०:४८

रुमाल उचलला.

'बंद पडतं' या एका शब्दात आपण चार वेगळे आजार कोंबतो. एक, ॲप उघडं असतं पण चित्र काळं. दोन, चित्र गोठतं, खिडकीवर 'प्रतिसाद देत नाही' येतं. तीन, ॲप नीट संदेश देऊन बंद होतं. चार, ॲप न सांगता-सवरता उडतं. ताईंचा चौथा प्रकार आहे. याला क्रॅश म्हणायचं, आणि यात एक चांगली गोष्ट अशी की विंडोज त्याचा पंचनामा करून ठेवतं.

चौकस, परवानगी नसेल तर पहिला किंवा तिसरा प्रकार दिसेल. ताईंना तर चार सेकंद चित्र दिसतंय. दार उघडून आत घेतलेल्या माणसाला परवानगी नव्हती असं कसं म्हणणार?

ताई, एक काम करा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधून उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. ॲप उडालं त्या वेळची लाल खूण असलेली नोंद शोधा, क्रमांक १००० असेल. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' अशी एक ओळ असते. ती इथे लिहा. फॉल्टिंग ॲप्लिकेशन नको, ते आपल्याला माहीत आहे. मॉड्यूल.

(ॲप गोठून बंद पडलं असतं तर नोंद १००२ क्रमांकाची असती. तीही दिसली तर सांगा.)

---

चौकस | सोमवार, रात्री ११:०५

मूषकराज, असहमत. चांगलं लिहिलेलं ॲप संदेश देतं. वाईट लिहिलेलं ॲप कॅमेरा मिळेलच असं गृहीत धरून पुढे जातं आणि मिळाला नाही की कोसळतं. कॅमेऱ्याबरोबर फुकट येणारी ॲपं कोणत्या प्रकारात मोडतात हे तुम्हाला मी सांगायला हवं का? आणि चार सेकंदांचं म्हणाल, तर ॲन्टिव्हायरसला हे ॲप कोण बुवा हे ठरवायला तेवढा वेळ लागू शकतो.

---

मूषकराज | सोमवार, रात्री ११:११

चार सेकंदांचा मुद्दा मान्य. वाईट ॲपांबद्दल तर शंभर टक्के मान्य.

---

मधली_सुट्टी | मंगळवार, सकाळी ७:३०

बापरे, रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

चौकस, दोन्ही बटणं चालू आहेत. ॲन्टिव्हायरसमधलं वेबकॅमचं संरक्षण दहा मिनिटं बंद करून पाहिलं. ॲप तरीही उडालं.

मूषकराज, इव्हेंट व्ह्यूअर उघडला आणि घाबरून बंद केला. तिथे लाल-पिवळ्या खुणांचा सडा पडलाय! माझा कॉम्प्युटर इतका आजारी आहे हे मला माहीतच नव्हतं.

वायरमन, कॅमेरा पुढच्या पोर्टला होता, हबमधून. मागच्या पोर्टला थेट लावला. आणि ऐका: तीन-चार सेकंदांऐवजी ॲप चक्क अकरा सेकंद चाललं! मग उडालं.

---

वायरमन | मंगळवार, सकाळी ७:४४

बघा!! मी काय म्हणत होतो?

आता हिशोब ऐका. फुल एचडी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला ३० चित्रं. झाले साधारण १२४. यूएसबी २ ची मर्यादा ४८०. त्यात हबवर बाकीचे बसलेले. नळ पुरत नाही, ॲप उपाशी मरतं. मागच्या पोर्टला नळ मोठा मिळाला म्हणून अकरा सेकंद तग धरला. आता एक्स्टेन्शन काढा, प्रश्न मिटला.

---

मधली_सुट्टी | मंगळवार, सकाळी ७:५२

काका, गणिताच्या बाईसमोर मांडलंत म्हणून विचारते. १२४ हे ४८० पेक्षा कमी आहेत ना? मग पुरतंय की!

---

किंचित | मंगळवार, सकाळी ७:५३

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

---

मूषकराज | मंगळवार, सकाळी ९:२०

वायरमनचं उत्तर बरोबर आहे, पायऱ्या चुकल्या. १२४ हे मेगाबाइट आहेत आणि ४८० हे मेगाबिट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे १२४ चे झाले जवळपास ९९५ मेगाबिट. नळाच्या दुप्पट पाणी! म्हणजे फुल एचडी चित्र कच्च्या स्वरूपात यूएसबी २ वरून ३० च्या वेगाने जाऊच शकत नाही, हब असो वा नसो. आणि कॅमेऱ्यांना जो राखीव मार्ग मिळतो त्यात एका कॅमेऱ्याला प्रत्यक्षात सेकंदाला २४.५ मेगाबाइटच्या आसपासच जास्तीत जास्त मिळतात, पूर्ण ४८० हाती येतच नाहीत.

म्हणून तर यूएसबी २ चे कॅमेरे मोठं चित्र आतच दाबून, बहुधा एमजेपेग करून पाठवतात. ६४० गुणिले ४८० चं चित्र मात्र कच्चंही सेकंदाला १८.४ मेगाबाइटमध्ये बसतं. स्वस्तातले कॅमेरे कच्चं ७२० चं चित्र देताना सेकंदाला १० वरच का अडकतात, तेही यातून कळेल. हवं तर गुणाकार करून पाहा.

ताई, यातून एक चाचणी निघते. ॲपमध्ये चित्राचा आकार ६४० गुणिले ४८० करा. तरीही उडालं तर नळाचा मुद्दा निकालात.

आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणांना घाबरू नका. ठणठणीत मशीनवरही त्या असतात. आपल्याला फक्त ॲप उडालं त्या मिनिटाची एक नोंद हवी आहे.

---

मधली_सुट्टी | मंगळवार, सकाळी ९:३५

केला गुणाकार. १२८० × ७२० × २ × १० = १,८४,३२,०००. आणि ६४० × ४८० × २ × ३० सुद्धा १,८४,३२,०००. अगदी तंतोतंत तेवढंच! हे उद्या वर्गात देणार.

वायरमन काका, उत्तराला पूर्ण मार्क, पायऱ्यांचे कापले. :)

आकार बदलायची चाचणी संध्याकाळी करते. चार सेकंदांत सेटिंग शोधून बदलायचं म्हणजे कसरतच आहे.

---

पेंग्विनपंथी | मंगळवार, सकाळी ११:०२

अवांतर, पण राहवत नाही. लिनक्सवर हाच नळ कमी पडला की काय संदेश येतो माहितीये? 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही'. मी पहिल्यांदा तो वाचला तेव्हा दोन कॅमेरे एकाच हबवर लावले होते. वाटलं, डिस्क भरली. अर्धा दिवस बसून जुने फोटो पुसले. तरी तोच संदेश. मग कळलं की जागा म्हणजे डिस्कवरची नव्हे, यूएसबीच्या वाटेवरची.

फोटो परत मिळाले नाहीत.

---

आजीचा_चष्मा | मंगळवार, सकाळी ११:०८

आणि हे म्हणतात लिनक्स टाका!

---

पेंग्विनपंथी | मंगळवार, सकाळी ११:१५

संदेश तरी येतो. ताईंच्या ॲपने तेवढीही माणुसकी दाखवली नाही.

---

तारायंत्र | मंगळवार, दुपारी १:४०

वाचतोय. मला यावरून २०१६ चा ऑगस्ट आठवला. विंडोज १० चा ॲनिव्हर्सरी अपडेट आला आणि जगभर अनेकांचे वेबकॅम व्हिडिओ कॉलमध्ये गोठायला लागले. एकच कॅमेरा अनेक ॲपांना वापरता यावा म्हणून विंडोजने मध्ये एक मध्यस्थ बसवला. तो मध्यस्थ ॲपांना दाबलेलं चित्र, म्हणजे एमजेपेग आणि एच.२६४, जसंच्या तसं देईना. ज्या ॲपांची सगळी मदार त्यावर होती ती अडकली. पुढे मायक्रोसॉफ्टने ते दुरुस्त केलं.

मुद्दा असा की कॅमेरा आणि ॲप यांच्यामध्ये बरेच लोक बसलेले असतात. दोष कुणाचाही असू शकतो.

अवांतराला अवांतर: वेबकॅमचा मूळपुरुष केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतला. १९९१ साली कॉफीचं भांडं भरलंय की रिकामं हे जागेवरून उठायच्या आत कळावं म्हणून लावलेला. चित्र १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं, तेही काळं-पांढरं. १९९३ मध्ये वेबवर आला आणि २००१ मध्ये बंद केला. दहा वर्षं चालला हो.

---

किंचित | मंगळवार, दुपारी १:४५

कारण त्याच्याबरोबर कंपनीचं फुकट ॲप नव्हतं.

---

अर्धी_रात्र | मंगळवार, दुपारी ३:१२

ड्रायव्हर अपडेट करा. इंटरनेटवर ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात, एका क्लिकवर काम होतं.

---

मूषकराज | मंगळवार, दुपारी ३:३०

कृपया हे करू नका. ताई, तुम्ही तर नकाच.

बहुतेक यूएसबी वेबकॅम यूव्हीसी नावाच्या सामायिक पद्धतीने बोलतात. पद्धत २००३ पासून आहे आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, लिनक्समध्येही असतो. अशा कॅमेऱ्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. एका क्लिकवाली सॉफ्टवेअरं एक प्रश्न सोडवायला येतात आणि चार ठेवून जातात. हाच नियम 'हरवलेली डीएलएल इथून डाउनलोड करा' म्हणणाऱ्या साइटींना. (डीएलएल म्हणजे ॲप स्वतःबरोबर लोड करून घेतं ती कोडची फाइल.)

---

आजीचा_चष्मा | मंगळवार, दुपारी ४:०५

मी अडाणी माणूस, पण एक विचारतो. कॅमेरा, वायर, पोर्ट, नळ एवढं सगळं चाललंय. कॅमेरा उपटूनच टाकला आणि मग ॲप उघडलं तर? तरी उडालं तर वायरमनची सुट्टी. नाही उडालं तर मूषकराजांची.

दिवे घ्या, गमतीत म्हटलं.

---

मूषकराज | मंगळवार, दुपारी ४:१०

दिवे कसले, दंडवत घ्या! ही चाचणी मी पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवी होती.

---

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री ८:५०

कसरतीचा अहवाल.

आकार बदलणं पाचव्या प्रयत्नात जमलं. आधी माऊस कुठे न्यायचा ते पाठ केलं, मग उघड-क्लिक-क्लिक-ओके. परत उघडलं, चित्र बारकं झालं होतं, आणि उडालं.

मग आजीच्या चष्म्याचं ऐकून कॅमेरा उपटला. ॲप उघडलं. 'कॅमेरा सापडला नाही' असा काळा पडदा आला. मी मनात एक, दोन, तीन, चार म्हणेपर्यंत

खिडकी गायब!

म्हणजे कॅमेरा समोर नसतानाही हे ॲप उडतंय. वायरमन काका, सॉरी.

---

वायरमन | मंगळवार, रात्री ८:५८

अकरा सेकंदांचं काय मग? ते कुठून आले?

---

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री ९:२६

तोच प्रश्न मला पडला म्हणून फोनचं स्टॉपवॉच घेऊन बसले. पुढच्या पोर्टला पाच वेळा: ४, ३, ९, ४, १२. मागच्या पोर्टला पाच वेळा: ३, १०, ४, ४, ८. दोन्हीकडे सारखीच पळापळ. मी सकाळी एकदाच मोजलं आणि नेमका मोठा आकडा आला.

विद्यार्थ्यांना ओरडते यावरून.

---

चौकस | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, तुम्ही चुकीच्या विभागात कविता लिहिताय. इकडेच या.

---

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री ९:४८

आणि हो, धीर करून इव्हेंट व्ह्यूअर उघडला. १००० क्रमांकाच्या नोंदी रांगेने सापडल्या, आजच्याच वीसेक आहेत. सगळ्यांत हेच लिहिलंय:

फॉल्टिंग ॲप्लिकेशन: कॅमेऱ्याच्या ॲपचं नाव.
फॉल्टिंग मॉड्यूल: भलत्याच नावाची एक डीएलएल. नावाच्या शेवटी 'फिल्टर ३२' आहे.
एक्सेप्शन कोड: ०एक्ससी००००००५.
मॉड्यूलचा पत्ता: प्रोग्रॅम फाइल्सच्या एक्स८६ वाल्या फोल्डरमध्ये एका प्रोग्रॅमचं फोल्डर. हे नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही. त्या फोल्डरमध्ये ही एकच फाइल पडलेली आहे.

---

मूषकराज | मंगळवार, रात्री ९:५५

सापडला!

ताई, या प्रोग्रॅमचं नाव इथे देऊ नका, पण इंटरनेटवर शोधा आणि सांगा ते काय करतं. माझी पैज आहे की ते कॅमेऱ्याच्या चित्रावर काहीतरी गंमत करणारं असेल.

आणि घरात दुसरं कोण हा कॉम्प्युटर वापरतं?

---

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री १०:०७

चेहऱ्यावर मांजराचे कान आणि मिशा लावतं.

भाचा आला होता. गेल्या आठवड्यात. फोन केला तर म्हणतो, 'मावशी, मी जाताना अनइन्स्टॉल केलं होतं, शप्पथ!'

---

आजीचा_चष्मा | मंगळवार, रात्री १०:०९

वही आणि मांजराचे कान. हे रेकॉर्डिंग मी बघितलं असतं.

---

मूषकराज | मंगळवार, रात्री १०:४०

भाचा खरं बोलतोय. त्याने काढलं, पण सगळं निघालं नाही.

असं होतं: हे मिशावालं सॉफ्टवेअर स्वतःला 'खोटा कॅमेरा' म्हणून विंडोजमध्ये नोंदवतं. म्हणजे बाकीच्या ॲपांच्या यादीत खऱ्या कॅमेऱ्याबरोबर तेही दिसतं. नोंदणीची जुनी पद्धत डायरेक्टशो. तिच्यात खोटा कॅमेरा म्हणजे एक डीएलएल असते, आणि जे ॲप त्याची विचारपूस करेल त्याच्या पोटात ती लोड होते. पाहुणा घरात येऊन पडला की घरमालकही पडतो, कारण दोघांचा जीव एकाच प्रक्रियेत असतो. ती ०एक्ससी००००००५ म्हणजे ज्या मेमरीवर हक्क नाही तिथे हात घातला असा गुन्हा. केला डीएलएलने, मेलं ॲप.

तुमचं ॲप आधी नेहमीचा कॅमेरा चालू करतं, म्हणून वही दिसते. मग मागच्या मागे यादीतल्या प्रत्येक कॅमेऱ्याला 'तू कोणकोणत्या आकाराचं चित्र देतोस' असं विचारत फिरत असणार. खोट्यापाशी पोचलं की खेळ खलास. कॅमेरा उपटला तरी यादी वाचायची असतेच. मागच्या मागे चालणारं काम कधी लवकर उरकतं, कधी उशिरा, म्हणून कधी ३, कधी १२.

आणि ब्राउझर का वाचला? तो ६४ बिटचा, म्हणजे नव्या घडणीचा; जुनी घडण ३२ बिटची. ६४ बिटच्या प्रक्रियेत ३२ बिटची डीएलएल लोडच होऊ शकत नाही. तुमचं ॲप ३२ बिटचं असणार. टास्क मॅनेजरच्या डीटेल्समध्ये प्लॅटफॉर्म नावाचा रकाना लावून खात्री करता येईल, पण चार सेकंदांत नको.

उपाय. ती डीएलएल लगेच पुसू नका, आधी तिची नोंदणी काढा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, उजवी क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. रेगएसव्हीआर३२, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि यू, परत जागा, मग डीएलएलचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात. नेमकी ओळ व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. यशस्वी झाल्याची छोटी खिडकी आली की मग ते फोल्डर दुसऱ्या नावाने ठेवा आणि आठवडाभराने पुसा.

---

पेंग्विनपंथी | मंगळवार, रात्री १०:५२

यातली सर्वात सुंदर गोष्ट मूषकराजांनी लपवली. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ६४ बिटच्या फाइली 'सिस्टम३२' नावाच्या फोल्डरमध्ये असतात आणि ३२ बिटच्या फाइली 'सिसवॉव६४' मध्ये. सावकाश वाचा.

---

तारायंत्र | मंगळवार, रात्री १०:५५

दोनदा वाचलं. तरी वाटतंय तुम्ही उलटं लिहिलंत.

---

पेंग्विनपंथी | मंगळवार, रात्री १०:५७

मी नाही लिहिलं उलटं.

---

मूषकराज | मंगळवार, रात्री ११:०३

जुनी ॲपं 'सिस्टम३२' हे नाव पक्कं धरून चालत, म्हणून ते नाव बदलता आलं नाही. वॉव म्हणजे विंडोज ऑन विंडोज. हसा, पण आदेश चालला नाही तर ताईंना रेगएसव्हीआर३२ त्या ६४ नावाच्या फोल्डरमधलंच लागेल.

---

मधली_सुट्टी | बुधवार, सकाळी ६:४०

रात्री झोप येईना म्हणून सकाळी उठल्याउठल्या हेच केलं.

पहिल्यांदा 'मॉड्यूल लोड झालं नाही' असं आलं. पत्त्यात जागा आहेत आणि मी अवतरण द्यायला विसरले होते. दुसऱ्यांदा यशस्वीची खिडकी. ॲप उघडलं. एक, दोन, तीन, चार... वीस... मी उठून आवरून आले. परत पाहिलं तर वही तशीच दिसतेय. आता चाळीस मिनिटं झाली.

मूषकराज, कसे आभार मानू कळत नाही. आजीचा चष्मा, तुमच्या 'अडाणी' चाचणीने माझी भीती गेली. कॅमेराच नाही तरी उडतंय म्हटल्यावर मला पहिल्यांदा राग आला, आणि रागाच्या भरात इव्हेंट व्ह्यूअर उघडला.

वायरमन काका, एक्स्टेन्शन वायर काढून कॅमेरा मागच्या पोर्टलाच ठेवलाय. तुमच्यासाठी.

---

चौकस | बुधवार, सकाळी ८:१५

अभिनंदन! ॲन्टिव्हायरसचं संरक्षण परत चालू केलंत ना?

---

मधली_सुट्टी | बुधवार, सकाळी ८:१७

अर्र. करते.

---

अर्धी_रात्र | बुधवार, दुपारी १२:३०

मग विंडोज परत टाकलं असतं तरी सुटलंच असतं ना? एवढं शोधायची काय गरज होती?

---

तारायंत्र | बुधवार, दुपारी १२:५०

सुटलं असतं. पुढच्या सुट्टीत भाचा परत आला असता.

---

दूरचा_डोंगर | अठरा दिवसांनंतर, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, माफ करा. माझंही वेबकॅमचं ॲप असंच उडतं, पण उघडल्या उघडल्या नाही. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की. वरचं वाचून खोटा कॅमेरा शोधला, माझ्याकडे एकही नाही. विंडोज परत टाकू का?

---

मधली_सुट्टी | अठरा दिवसांनंतर, रात्री १०:३१

थांबा, काही टाकू नका. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, नोंद १०००. लाल खुणांना घाबरू नका, सगळ्यांकडे असतात. मॉड्यूलचं नाव इथे लिहा. ॲपचं नको, मॉड्यूलचं.

---

दूरचा_डोंगर | अठरा दिवसांनंतर, रात्री १०:४४

ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची डीएलएल दिसतेय.

---

मूषकराज | अठरा दिवसांनंतर, रात्री १०:४९

ताईंनी माझं काम केलं, मी बसतो.

रेकॉर्डिंग सुरू झालं की चित्र दाबायचं काम ॲप ग्राफिक्स कार्डावर टाकत असणार, आणि तिथे पडतंय. ॲपच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन किंवा हार्डवेअर एन्कोडिंग असं काही असेल ते बंद करून बघा. त्याने थांबलं तर मग कार्ड बनवणाऱ्यांच्या अधिकृत साइटवरून ड्रायव्हर घ्या. इथे ड्रायव्हर अपडेट करायला खरंच अर्थ आहे.

---

अर्धी_रात्र | अठरा दिवसांनंतर, रात्री १०:५२

मी तेव्हाच म्हटलं होतं!

---

दूरचा_डोंगर | अठरा दिवसांनंतर, रात्री ११:१५

हार्डवेअर एन्कोडिंग बंद केलं, दहा मिनिटं रेकॉर्ड झालं. उद्या ड्रायव्हर बघतो. आभार!

---

वायरमन | एकोणीस दिवसांनंतर, सकाळी ७:०५

तरी कॅमेरा पुढच्या पोर्टला आहे की मागच्या, ते राहिलंच सांगायचं.